पाळीचा भोंगा

बंद कारखान्याच्या तळ्यातला गाळ उपसला, पाणी निवळलं, सूनबाईंनी लावलेली लव्हाळी कमरेला लागली. पण बगळा काही फिरकेना. आज पाहणी होती. बगळे दिसले नाहीत तर तिथे वाहनतळ होणार होता.

"मामंजी, पूर्वी कसे हो यायचे?"

"पाळीचा भोंगा झाला की! आत शिरताच सगळे कामगार आधी डबे उघडायचे. देव भावाचा भुकेला, बगळा खरकट्याचा," सासरे म्हणाले. ते तिथले जुने पहारेकरी.

सूनबाईंनी अडगळीतला भोंगा वाजवला. म्हातारे कामगार डबे घेऊन धावत आले, काठावर बसले आणि बगळ्यांचा थवा उतरला.

तेवढ्यात पाहणीचे साहेब आले. सासऱ्यांनी हात आडवा धरला. "भोंगा होऊन गेला. आता पुढच्या पाळीला."

"अहो मामंजी, साहेब आहेत ते!"

"असतील. उशीर तो उशीर."

साहेबांनी चहूकडच्या मोकळ्या मैदानाकडे पाहिलं. फाटक कुठेच नव्हतं. मग मान खाली घालून ते फाटकाबाहेर उभे राहिले.