दुसऱ्या रायफलची खाच

विराजसला त्याची बायको सोडून गेली. तसं काही घडलंच नाही असं धरून तो रायफल ठेवायला आतून फोम लावलेली पेटी घ्यायला गेला.

"एका रायफलची, की दोन?" दुकानदाराने विचारलं.

"दोन. आम्ही नवराबायको नेमबाजीत मिश्र गटात जोडीने खेळतो."

"मग वहिनींची रायफल कुठाय? फोमवर ठेवून आकार आखावा लागतो."

"तिची तिच्याकडे. माझीच दुसऱ्या कुशीवर ठेवून आखा."

"वहिनी डावखुऱ्या?"

"नाही. पाठ करून झोपायची सवय आहे तिला."

दुकानदाराने आकार आखून सुरी उचलली. "बघा हं, एकदा कापलेला फोम परत भरत नाही."

"म्हणूनच तर कापून घेतोय."

घरी रिकाम्या खाचेवरून हात फिरवत त्याने नेमबाजी संघटनेला अर्ज लिहिला: 'सबब, जोडीदाराची जागा रिकामी ठेवून मला मिश्र गटात खेळण्यास परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.'