उंच गाडी

बायको गेल्याचं डॉक्टरांनी सकाळी नऊला सांगितलं. दोन तास आधी आणलं असतं तर, एवढंच पुढे म्हणाले. ते दोन तास, काल भाड्याने घेतलेल्या छोट्या गाडीचं पोट वरच्या रस्त्यात खडकावर टेकलं, तिथेच अडकून गेले होते. दहाला तो परक्या मुलखातल्या त्याच भाड्याच्या गाड्यांच्या दुकानात पुन्हा उभा राहिला. मुलगी वर डोंगरातल्या गावात, तिथे फोन लागत नव्हता. आई-बाबांची ती कालपासून वाट बघत असणार.

"उंच गाडी द्या. वरच्या रस्त्याला चालेल अशी."

दुकानदार किल्ली शोधता शोधता हसला. "काका, काल मी घसा कोरडा केला. पण काकू ऐकतायत कुठल्या? म्हणे, माझे गुडघे त्या माळ्यावर चढायचे नाहीत, छोटीच द्या."

"ती नाही. मी म्हणालो."

"अहो, तुम्ही तर उंच गाडीत जाऊन बसला होतात. काकूंनीच खाली उतरवलं तुम्हाला."

त्याने टेबलाची कड घट्ट धरली, तरी आवाज कापला. "छोटी गाडी मी मागितली. ती उंचच घ्या म्हणत होती. मी ऐकलं नाही."

दुकानदाराचं हसू मावळलं. त्याने किल्ली पुढे सरकवली.

गाडीत बसून त्याने तेच शब्द पुन्हा मोठ्याने म्हणून पाहिले. या वेळी आवाज कापला नाही. मुलीला हेच सांगायचं अजून बाकी होतं.