चार रिकाम्या चौकटी

दुपारपर्यंत दोन्ही तुकड्यांची सरासरी मुख्याध्यापिकांना हवी होती. त्या सरासरीवरूनच कुठली तुकडी बंद करायची ते त्या ठरवणार होत्या. बंद होणाऱ्या तुकडीचे शिक्षकही घरी बसणार होते.

'अ' तुकडीच्या सरांनी संगणक लावला. 'ब' तुकडीच्या बाई उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन शेजारी बसल्या.

"माझेही गुण तुम्हीच भरा, सर. माझा आणि या यंत्राचा छत्तीसचा आकडा."

"सांगा."

बाई वाचत गेल्या, सर भरत गेले. गालगुंडांमुळे बाईंची चार मुलं परीक्षेला नव्हती. त्यांच्या चौकटी सरांनी रिकाम्या सोडल्या. गैरहजर मूल सरासरीत धरायचं नाही, हा शाळेचा नियम सरांनीच घालून दिलेला.

घंटा झाली. बाई उठल्या.

"बुडाले असेन तर जेवणाच्या सुट्टीनंतर सांगा हं. डबा तरी गोड लागू दे."

"बरं."

"तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त."

बाई गेल्या. सरांनी बेरीज-सरासरीचं सूत्र घातलं. 'अ' एक्कावन्न. 'ब' त्रेपन्न.

सर चोपन्न वर्षांचे होते. या वयात त्यांना दुसरी कुठलीही शाळा दारात उभं करणार नव्हती. मग चारही रिकाम्या चौकटींत त्यांनी एकेक शून्य भरलं. त्रेपन्नाचे सत्तेचाळीस झाले. आता मनाला काहीतरी लागेल म्हणून ते थोडे थांबले. काहीच लागलं नाही. त्यांनी कागद छापून घेतला.

मुख्याध्यापिकांनी चष्मा चढवला.

"'ब' एवढी मागे? बाई तर जीव तोडून शिकवतात."

"आकडे समोर आहेत."

"तुम्ही स्वतः तपासलेत?"

"दोनदा."

"मग झालं. तुमच्या आकड्यांवर मी कधी शंका घेतली नाही." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "बाई बाहेर थांबल्यात वाटतं?"

"हो. बोलावू?"

"बोलवा. त्यांना आता दोन्ही तुकड्यांची मुलं सांभाळावी लागतील. अशा कच्च्या मुलांच्या डोक्यावरून बाईंचा हात मी काढणार नाही. तुमची मुलं काय, कुणाच्याही हाताखाली तरून जातील. सर, 'अ' बंद करतेय."