नदीपलीकडचा पत्ता

लेस्टर नोवाक पलंगाखाली वाकून बघायला लागला आणि डॉरीनला आपली चूक उमगली. सतरा वर्षांच्या मुलीच्या पलंगाखाली निदान एक मळका मोजा तरी टाकायला हवा होता.

नोवाक निवृत्त पोलीस. आता शाळेच्या नोकरीत. मुलं खरोखर गावाच्या हद्दीत राहतात का, हे घरोघर जाऊन बघायचं त्याचं काम. खोटा पत्ता सापडला की नाव कमी. आणि हे घर होतं डॉरीनच्या मैत्रिणीचं, बेव्हचं. डॉरीनचं इथलं भाड्याचं घर मालकानं विकल्यापासून, म्हणजे फेब्रुवारीपासून, ती आणि तिची लेक कॅसिडी नदीपलीकडच्या गावात राहत होत्या. कॅसिडी पहिलीपासून इथल्याच शाळांत शिकलेली. बारावी संपून शाळेच्या ग्रॅज्युएशनला पाच आठवडे उरले होते.

म्हणून डॉरीन रोज पहाटे लेकीला गाडीत घालून इथं आणायची. शाळेची पिवळी बस तिला या दारातून न्यायची. नदीपलीकडून एक साधी बस थेट शाळेपाशी यायची, पण तिच्यातून उतरताना कुणी पाहिलं म्हणजे?

"आंघोळीला गेली की तासभर बाहेर येत नाही कार्टी!" दारातून बेव्ह म्हणाली. कॅसिडी या घरात नव्हतीच. खोटं बोलायला सांगितलं की बेव्ह पदरचं तिखटमीठ घालायचीच.

"खोली फारच नीटनेटकी आहे," नोवाक उठत म्हणाला. "आमच्या लेकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते."

डॉरीनचा धीर सुटला. "आम्ही इथं राहत नाही. मला काय शिक्षा करायची ती करा, पण पोरीला काढू नका हो."

"काढतंय कोण? बारावीच्या मध्येच घर बदललं तर वर्ष इथंच पुरं करता येतं. अर्ज लागतो फक्त. तो तिनं फेब्रुवारीतच दिलाय, नदीपलीकडचा पत्ता घालून. तुमची सही तेवढी राहिलीय. मागितली की म्हणते, उद्या आणते. तुमच्या घरी दोनदा जाऊन आलो, कुलूप. म्हटलं, इथं सापडाल."

"मग पलंगाखाली काय शोधत होतात?"

"पेन पडलं माझं. आल्याआल्या तुम्हीच मला खोली दाखवायला ओढत आणलंत."

डॉरीन पलंगावर बसली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा तिला पोटभर श्वास घेता आला. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. नोवाकनं अर्ज पुढे केला. तळाशी कॅसिडीचं तिरकं अक्षर होतं: आईला एवढ्यात सांगू नका. कळलं तर ती मला बसनं पाठवेल. आम्ही दोघी बोलतो ते गाडीतच.

डॉरीननं ते दोनदा वाचलं. मग सही केली.

"एक करा," अर्ज परत देताना ती म्हणाली. "मला कळलंय, हे तिला सांगू नका."