मेला असं धरून चाला

"प्रिझ्यूम्ड डेड," दत्तराव वकिलानं पुन्हा सांगितलं. "म्हणजे मेला असं धरून चालायचं. सात वर्षं ज्याची कुणालाच खबर नाही, त्याला कायदा मेलेला धरतो, आजी."

भिवराबाई पदर दातात धरून बसली होती. धरून चालणं तिला का नवीन होतं? पाऊस होईल असं धरूनच धनगर आपली मेंढरं गावाकडं वळवतो. पण पोटच्या पोराला मेला धरायचं म्हटलं की जीभच रेटत नाही. वर्षभर ती या कागदाला नाहीच म्हणत आली होती.

"कुटं मेला, कसा मेला, ते कोर्ट इचारतंय का?"

"नाही. सात वर्षांत पाहिलं नाही, एवढंच सांगायचं."

"आन पुन्हा शोधाशोध?"

"आता कोण शोधतंय, आजी?"

म्हातारी हमसून हमसून रडली. सून शालूनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

शालूचं तरी काय चुकत होतं? नवरा, बिरदेव, बापाशी भांडून रातोरात गेला तेव्हा लेक सोनू पाळण्यात होती. जमीन त्याच्या नावावर आणि त्याचा पत्ता नाही. स्वतःचं रान कोरडं ठेवून बिचारी दुसऱ्याच्या बांधावर राबत होती. कागद झाला तर जमीन नावावर होणार, शेततळं मिळणार, सोनूचं नीट होणार.

बिरदेव गेला तेव्हा पोलीसही माग काढायला आले होते. पण त्या रात्री मेंढरं घरच्याच रानात, बाभळीपाशी बसवलेली. सकाळी सगळी जागा खुरांनी तुडवलेली, माग कसला लागतोय! बिरदेवचा बाप येडबा, त्यानं त्या दिवसापासून काठी हातात धरली नाही. बिनकाठीचा धनगर म्हणून गाव आधी हसलं, मग हळहळलं. भिवराबाई रोज बाभळीखाली भाकर ठेवून यायची.

"लेकाची वाट बघायलीय," बाया म्हणायच्या.

जिंतूरच्या कोर्टात ती उभी राहिली. सात वर्षांत पाहिलं न्हाई, म्हणाली. एक अक्षर खोटं बोलली नाही.

कागद झाला, जमीन शालूच्या नावावर चढली. एका संध्याकाळी ती पेढे घेऊनच घरी आली. कित्येक वर्षांनी तिच्या तोंडावर हसू होतं.

"आत्या, शेततळं मंजूर झालं. उद्या जेसीबी यायलंय."

"कुटं खांदनार?"

"बाभळीपाशी. पानी तितंच थांबतंय. माती बी लय मऊ हाय म्हने तितली."

ओसरीवर येडबाचा पेढ्याचा हात तसाच राहिला. शालू सोनूला हाक मारत आत गेली.

भिवराबाई नवऱ्याकडं बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "तवाच म्हनले होते तुमाला, आनखी खोल खांदा."