जोडीनं पळताना काय खावं

"प्रोटीनचा बार आत्ता बाजूला ठेवा," दुकानदार म्हणाला आणि म्हाताऱ्याच्या हातातून त्यानं तो काढूनही घेतला. "तो पळून झाल्यावर. आधी खाल्लात तर पोटात धोंडा पडल्यासारखं होईल."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. सत्तरी ओलांडलेला, ताठ पाठीचा गृहस्थ. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात कोरे करकरीत बूट. दुकानाच्या काचेवर रविवारच्या शर्यतीचं पोस्टर होतं. त्याच्यापाशी जरा रेंगाळून तो आत आला होता. "रविवारी पळायचं म्हणतोय. आम्ही दोघं. सोबत खायला काय न्यावं?" एवढंच त्यानं विचारलं होतं.

दुकानदाराला तेवढं पुरे होतं. व्यायाम करणाऱ्यांच्या खाण्यापिण्याचं हे दुकान चालवता चालवता, गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत त्याच्या मनातलं आपल्याला कळतं, अशी त्याची खात्री झाली होती. अशा खात्रीच्या माणसाला प्रश्न विचारायची फारशी गरज पडत नाही. तरी त्यानं अंतर विचारलं.

लांबचं आहे, म्हातारा म्हणाला. एकदा निघालं की परत फिरायचं नाही, असं ठरलंय.

हा बाणा दुकानदाराला फारच आवडला. तो मांडणीवरून भराभर माल काढू लागला. चॉकलेटचा नको, खिशात वितळतो. अख्ख्या बदामाचा नको, कवळीत अडकतो. खजूर आणि ओट्सचा मऊ बार उत्तम. चावत बसावं लागत नाही आणि लगेच तरतरी येते. घाम येईल म्हणून थोडे खारे काजू. आणि ऐन दिवशी नवीन काही तोंडात घालायचं नाही, आधी घरी खाऊन बघायचं.

जोडीदारीण कशी आहे, काय चालतं, काय नाही, तेही त्यानं विचारून घेतलं. तिला फार गोड सोसत नव्हतं, शेंगदाण्यानं पित्त होत होतं आणि जिना उतरताना डावा गुडघा कुरकुरत होता. दुकानदार हसला. त्या वयाच्या सगळ्या बायकांची हीच रड, आमच्या घरीही तेच, म्हणाला. तिच्यासाठी त्यानं कमी गोडाचे बार निवडून वेगळ्या पिशवीत घातले.

"पहिल्यांदाच पळताय, काका?"

"तरुणपणी एकदा ठरलं होतं. ऐन वेळी तिचा पाय निघाला नाही." म्हाताऱ्यानं पिशवीची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधली. "आताही तेच होईल की काय, म्हणून जीव टांगणीला लागलाय. या खेपेला राहिलं तर कायमचं राहिलं. तिच्या मुलाला काय वाटेल, हा घोर आहे तिला."

दुकानदाराला त्या मुलाचा मनापासून राग आला. असली पोरं त्याला ठाऊक होती. स्वतः सोफ्यावर लोळतील आणि आईनं घराबाहेर पाऊल टाकलं की लोक काय म्हणतील याची चिंता करतील.

"मुलाला काय वाटायचंय?" तो म्हणाला. "आई या वयात पळते म्हटल्यावर त्याची मान ताठ व्हायला हवी. बिनधास्त पळा. त्याला फोन लावून द्या, मीच समजावतो."

म्हाताऱ्यानं दोन्ही पिशव्या उचलल्या. "नको," तो म्हणाला. "तुम्ही म्हणालात, आता त्याला वेगळं सांगायला नको."

रात्री जेवताना दुकानदारानं हा किस्सा बायकोला आणि आईला रंगवून सांगितला. बायको हसली. दुसऱ्याच्या आईबद्दल बोलायला तुझं काय जातंय, असं आई म्हणाली. तो इरेला पेटला. दुसऱ्याची काय आणि माझी काय, मी हेच सांगेन, म्हणाला. आईनं त्याला आग्रहानं आणखी वाढलं. शनिवारी ती दोन दिवसांसाठी मावशीकडे गेली.

रविवारी शर्यत जिथं संपत होती तिथंच दुकानदारानं आपलं टेबल मांडलं होतं. माल छान खपत होता, पण त्याचं अर्धं लक्ष रस्त्याकडे होतं. तरुण मंडळी आली, मग पोट सुटलेले आले, मग हातात हात धरून चालणारे आले. ताठ पाठीचा म्हातारा आणि त्याची जोडीदारीण काही दिसेनात. स्वयंसेवक दोऱ्या गुंडाळू लागले तसा तो टेबल सोडून रस्त्यावर येऊन पाहू लागला. कुठं कोसळले असतील तर? आपणच त्यांना भरीला घातलं, घरच्यांना न सांगता. त्या अनोळखी बाईच्या मुलाला आता काय तोंड दाखवायचं, हे त्याला सुचेना.

बिलावर म्हाताऱ्याचा नंबर होता. त्यानं तो लावला.

"काका, कुठे आहात तुम्ही? ठीक आहात ना दोघं?"

"अगदी ठीक. ते तिकिटांचं बघायला गेलेत," पलीकडून बाईचा आवाज आला. आवाज त्याच्या रोजच्या ओळखीचा होता.

दुकानदारानं फोन कानापासून दूर धरून नंबर पुन्हा पाहिला. नंबर बरोबर होता.

"आई? तू तर मावशीकडे गेली होतीस."

"नाही रे, आम्ही पळालो," आई म्हणाली. "उद्या लग्नाच्या सह्या करायच्यात. तुझ्या होकाराशिवाय माझं पाऊल उचललं नसतं, म्हणून तर मी त्यांना तुझ्या दुकानात धाडलं होतं."