नाकाचा भरवसा

दोरू नदीकाठच्या एका मद्यपेढीच्या तळघरात चाळीस वर्षे निजलेले एकाच सुगीच्या द्राक्षांचे पोर्ट मद्य मेणबत्तीच्या उजेडात गाळून दोन प्याल्यांत ओतले गेले. ते पेढीच्या नावाने विकावे की नाही, हे वृद्ध परीक्षक बाल्ताझार आणि त्याची जुनी सहकारी देओलिंदा यांनी ठरवायचे होते. गेल्या हिवाळ्यातील ज्वराने बाल्ताझारचे घ्राणेंद्रिय कायमचे निमाले होते. तेव्हापासून प्याला नाकाशी धरून तो देओलिंदाची मुद्रा न्याहाळी आणि ती प्रसन्न दिसली की मान डोलावी.

आज मात्र त्याला ते असत्य सोसवेना.

"देओलिंदा, मला कशाचाच वास येत नाही गं. वर्षभर बाटल्या बाहेर गेल्या, त्या तुझ्या नाकाच्या भरवशावर. उद्यापासून ही खुर्ची तुझी."

"सकाळी सकाळी थट्टा नको, साहेब."

"या वयात कसली थट्टा? सांग, कसं आहे हे मद्य?"

देओलिंदाने प्याला खाली ठेवला.



"साहेब, तो ताप आधी मलाच आला होता. तेव्हापासून मी तुमच्याच तोंडाकडे बघतेय."